लहानाचे मूत्रपिंड, मोठ्यांचे देणे

2017च्या सप्टेंबरात सुरतेत 14 महिन्यांचे एक मूल मेंदूमृत झाले. आईवडिलांनी अवयवदानाला होकार दिला. हृदय विमानाने मुंबईत आले आणि मुलुंडच्या एका रुग्णालयात नवी मुंबईच्या साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवले गेले. दोन्ही मूत्रपिंडे अहमदाबादला गेली आणि तिथे 15 वर्षांच्या एका मुलाला मिळाली. एका लेकराचे हृदय दुसऱ्या लेकराच्या छातीत चालू राहिले हे ऐकून कुणालाही भरून येते. आता यातला एक तपशील बदलून पाहा. 15 वर्षांच्या मुलाच्या जागी 45 वर्षांचा, आठ वर्षे डायलिसिसवर असलेला गृहस्थ आहे असे समजा. मनात काहीतरी अडते. बाळाचे बाळाला गेले तर ते दान वाटते. बाळाचे मोठ्या माणसाला गेले तर मोठ्याने लहानाच्या तोंडचे काढून घेतल्यासारखे वाटते.

ही अडचण मला खोटी वाटत नाही. माणसांनी आपल्या लेकरांबद्दल असेच हळवे असावे. पण या हळवेपणाला शरीरशास्त्राचा आधार फार थोडा आहे, आणि त्याच्या भरात आपण चुकीच्या जागी पहारा देतो असे माझे म्हणणे आहे. सावध राहायचे ते मूत्रपिंड कोणत्या वयाच्या माणसात जाते याबद्दल नव्हे. सावध राहायचे ते मूल कसे मरते, त्याचा मृत्यू कोण ठरवतो, आणि मोठ्यांनी घेतलेल्याची परतफेड लहानांच्या रांगेत होते की नाही याबद्दल.

लहान मुलाचे मूत्रपिंड प्रौढाला बसवणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये 2014च्या एप्रिलमध्ये कार्डिफला एक बाळ जन्मले आणि साधारण 100 मिनिटे जगले. त्याच्या मेंदूची व कवटीची वाढच झालेली नव्हती आणि ते जगणार नाही हे गर्भारपणातच कळले होते. आईवडिलांनी अवयवदानाचा निर्णय आधीच घेतला होता. त्या बाळाची मूत्रपिंडे एका प्रौढ रुग्णाला बसवण्यात आली. पुढच्याच वर्षी तिथल्या डॉक्टरांनी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या सहा दिवसांच्या एका मुलीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तिचीही मूत्रपिंडे प्रौढालाच गेली होती. अमेरिकेत तर दोन-चार वर्षांच्या दात्यांची मूत्रपिंडे प्रौढांना देणे हा अनेक केंद्रांच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे.

हे जमते कसे, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळा वाद इथेच उलगडतो. नवजात बाळाचे मूत्रपिंड चार-पाच सेंटीमीटर लांब आणि 12 ते 15 ग्रॅम वजनाचे असते. प्रौढाचे 10 ते 12 सेंटीमीटर, वजन सव्वाशे-दीडशे ग्रॅम. वजनातला फरक दहा पटींचा आहे, पण आतल्या ऐवजातला नाही. रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, गर्भाच्या साधारण 36व्या आठवड्यापर्यंत बनून पूर्ण होतात. त्यानंतर आयुष्यभरात एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. एका मूत्रपिंडात ते सरासरी दहा लाखांच्या घरात असतात, माणसागणिक कमीजास्त. पूर्ण दिवसांच्या बाळाजवळ हा सगळा साठा असतो आणि त्यातला काहीच खर्च झालेला नसतो. वाढ होते ती प्रत्येक नेफ्रॉनच्या आकाराची. उलट साठीच्या दात्याचे मूत्रपिंड दिसायला मोठे असले तरी त्यातले कितीतरी नेफ्रॉन वयाने, रक्तदाबाने, मधुमेहाने केव्हाच गेलेले असतात.

दाता फारच लहान असेल तर शल्यविशारद दोन्ही मूत्रपिंडे एकत्रच काढतात. त्यांच्याबरोबर महारोहिणीचा आणि महाशिरेचा तुकडा जोडलेलाच ठेवतात. बाळाच्या मूत्रपिंडाची स्वतःची रोहिणी इतकी बारीक असते की तिला थेट टाका घालणे धोक्याचे. महारोहिणीचा तुकडा त्या मानाने मोठा, तो प्रौढाच्या कटिभागातल्या रक्तवाहिनीला जोडता येतो. वरचे तोंड शिवून बंद करतात, बाजूच्या बारीकसारीक शाखा एकेक करून बांधतात, दोन्ही मूत्रवाहिन्या मूत्राशयाला जोडतात. ही जोडगोळी रुग्णाच्या ओटीपोटात एका बाजूला बसते. अलेक्सिस कॅरेल यांनी 1908 साली मांजरांवर अशी दोन्ही मूत्रपिंडे एकसंध बसवण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. रक्तवाहिन्या जोडण्याच्या त्यांच्या कामाला 1912 साली नोबेल मिळाले. माणसात हे साध्य व्हायला मधे काही दशके जावी लागली.

पहिले काही आठवडे घोर लागलेला असतो. बारीक वाहिन्यांत रक्ताची गुठळी झाली तर काही तासांत सगळे हातचे जाते, आणि या शस्त्रक्रियेतले सुरुवातीचे अपयश बहुतेक याच कारणाने येते. मूत्रवाहिनीतून गळती होऊ शकते. प्रौढाचा रक्तदाब कोवळ्या नेफ्रॉनना सोसत नाही आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. म्हणून रुग्ण निवडतानाच डॉक्टर अंगाने लहान, रक्तदाब काबूत असलेला आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती नसलेला माणूस पाहतात. पण हा काळ पार पडला की मूत्रपिंडे वाढू लागतात. सोनोग्राफीत दर महिन्याला मोठी होताना दिसतात आणि साधारण दीड वर्षात प्रौढाच्या मापाजवळ पोचतात. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींचा निष्कर्ष असा, की सुरुवातीची जास्त पडझड सोडली तर ही जोडमूत्रपिंडे उत्तम प्रौढ दात्याच्या मूत्रपिंडाच्या तोडीने टिकतात, कधी त्याहूनही जास्त.

मग हीच मूत्रपिंडे लहान मुलांना का देऊ नयेत? द्यावीत, जिथे जमेल तिथे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 39 दिवसांच्या एका मुलीची मूत्रपिंडे 15 वर्षांच्या मुलाला बसवण्यात आली. 2023च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिच्या आईवडिलांशी संवाद साधला तेव्हा ती गोष्ट देशाला कळली. दिल्लीच्या एम्समध्ये 2022 साली 16 महिन्यांच्या मुलाची मूत्रपिंडे पाच वर्षांच्या मुलाला देण्यात आली. आपल्याकडच्या वाटपाच्या नियमांचा कलही बालदात्याचे मूत्रपिंड आधी बालरुग्णासाठी विचारावे असाच आहे. तो योग्य आहे. पण दाता पाच वर्षांच्या आतला आणि रुग्णही अगदी लहान असेल, तर दोन्ही टोकांना वाहिन्या बारीक असतात आणि गुठळीचा धोका फार वाढतो. जुन्या नोंदींनी हे पुन्हा पुन्हा दाखवले. म्हणूनच जगभर दहा-बारा किलोच्या आजारी बाळाला डॉक्टर बहुधा मोठ्या माणसाचे मूत्रपिंड देतात. आईचे किंवा वडिलांचे पूर्ण वाढलेले मूत्रपिंड बाळाच्या पोटात, थेट मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडून बसवतात, आणि ते उत्तम चालते.

तेव्हा ही देवघेव दोन्ही दिशांनी पूर्वीपासूनच सुरू आहे. मोठ्यांची मूत्रपिंडे लहानांत जातात तेव्हा आपल्याला काही खटकत नाही, उलट आईचा त्याग म्हणून डोळे पाणावतात. लहानांची मोठ्यांत जातात तेव्हाच खटकते. वयाला वय जुळले की न्याय झाला ही समजूत इथे टिकत नाही. ती शब्दशः पाळली तर बाळांना मिळू शकणारी सर्वांत चांगली मूत्रपिंडे त्यांना नाकारावी लागतील आणि बाळांची मूत्रपिंडे योग्य बालरुग्ण नाही म्हणून देहाबरोबर मातीत जातील. 2023 साली सबंध भारतात मृत्यूनंतर अवयव देणारे दाते 1,099 होते. त्याच वर्षी सगळ्या अवयवांची मिळून 18,378 प्रत्यारोपणे झाली, त्यांतली बहुसंख्य जिवंत दात्यांच्या जोरावर. आणि हे जिवंत दाते बहुतांशी स्त्रिया असतात: आई, बायको, बहीण. एक वापरण्याजोगे मूत्रपिंड टाकून दिले की त्याची भरपाई बहुधा एखाद्या बाईच्या कुशीवरच्या छेदाने होते.

मात्र देवघेव म्हटली की हिशेब आला, आणि या बाबतीत आपण मोठी माणसे कमी पडतो असे मला वाटते. बाळाची मूत्रपिंडे प्रौढाला देण्याचे समर्थन तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा तरुण प्रौढ दात्याचे मूत्रपिंड पहिल्यांदा मुलांना विचारले जाते. अमेरिकेने 2005 साली 35 वर्षांखालच्या दात्यांची मूत्रपिंडे बालरुग्णांना प्राधान्याने देण्याचा नियम केला आणि 2014च्या नव्या पद्धतीतही उत्तम प्रतीच्या मूत्रपिंडांवर मुलांचा अग्रहक्क राखला. मुलांना हा हक्क दयेपोटी मिळत नाही. डायलिसिसवरच्या मुलाची उंची खुंटते, शाळा सुटते, कोवळ्या शिरा सुयांनी निकामी होतात. शिवाय आठव्या वर्षी मिळालेले मूत्रपिंड जन्मभर पुरत नाही; त्या मुलाला पुढे दुसरे, कदाचित तिसरेही लागणार असते. महाराष्ट्रात वाटपाचे काम मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या करतात. बाळाची जोडी प्रौढाला गेली की त्याच विभागात पुढचे योग्य, तरुण दात्याचे मूत्रपिंड मुलांच्या यादीत आधी फिरवायचे, असा स्पष्ट नियम लिहून ठेवावा. सद्भावनेवर सोडलेले प्राधान्य गर्दीच्या दिवशी टिकत नाही.

एक प्रश्न मला याहून जड वाटतो. प्रौढ दात्याची दोन मूत्रपिंडे दोन माणसांना मिळतात. बाळाची दोन एकालाच. रांग एवढी लांब असताना हे बरोबर का? उत्तर दात्याच्या वजनावर ठरते. अगदी लहान दात्याची मूत्रपिंडे वेगळी केली तर दोन माणसांना प्रत्येकी अर्धवट आशा मिळते आणि दोन्ही हातची जाण्याची भीती राहते. तीन-चार वर्षांच्या, सुदृढ बाळाची मूत्रपिंडे मात्र अनुभवी हातांत वेगवेगळ्या दोन रुग्णांना चालतात. अमेरिकी नियमाने 18 किलोखालच्या दात्याची मूत्रपिंडे आधी एकसंध देऊ केली जावीत असे ठरवले, पण वेगळी करण्याचा मार्ग खुला ठेवला. मला हे शहाणपणाचे वाटते. ज्या केंद्राने अशी शस्त्रक्रिया कधी केलेली नाही त्याने धाडस करू नये, आणि ज्याला जमते त्याने सोयीसाठी दोन्ही एकालाच घालू नयेत. आपल्याकडे अशा शस्त्रक्रियांचा अनुभव मोजक्या ठिकाणी आहे. प्रत्येक विभागात एक-दोन केंद्रेच यासाठी तयार करावीत हे बरे. सगळ्यांनी थोडे थोडे शिकण्यात बाळांची मूत्रपिंडे वाया जातील.

आता पहाऱ्याची खरी जागा. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात एक विलक्षण विरोध शेजारी शेजारी आहे. जिवंत अल्पवयीन मुलाचा अवयव काढायला, नियमांनी घालून दिलेले अपवाद सोडता, बंदी आहे. दहा वर्षांचे मूल स्वतःच्या मरणाऱ्या बापाला मूत्रपिंड द्यायला तयार झाले तरी कायदा सहसा आडवा येतो, आणि आलाच पाहिजे. तेच मूल मेंदूमृत ठरले तर आईवडिलांपैकी एकाच्या लेखी संमतीने त्याचे मूत्रपिंड अनोळखी माणसालाही जाते. या दोन टोकांच्या मधे फक्त एक रेघ आहे, मृत्यूची. ती किंचितही पुसट झाली तर वर मांडलेले माझे सगळे समर्थन कोसळते.

आणि बाळांच्या बाबतीत ती रेघ ओढणे खरोखरच अवघड आहे. कोवळा मेंदू आघातातून सावरण्याची शक्यता वेगळी, तपासणीच्या प्रतिक्षिप्त क्रिया वेगळ्या. आपल्या कायद्याने मेंदूमृत्यूच्या दोन तपासण्यांत किमान सहा तासांचे अंतर सांगितले आहे. अमेरिकेतल्या 2011च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या महिन्यातल्या बाळासाठी 24 तास आणि त्यापुढच्या मुलांसाठी 12 तास ठेवले. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनीही मुलांसाठी अधिक अंतराचा आग्रह धरला आहे. ब्रिटनमध्ये तर 2015पर्यंत दोन महिन्यांखालच्या बाळाचा मृत्यू या निकषांवर ठरवण्याची रीतच नव्हती. मुलांसाठीचे हे वाढीव अंतर शिफारस म्हणून न ठेवता नियमातच घालावे. त्या तासांत एखादे मूत्रपिंड खराब झाले तर होऊ द्यावे. वाट पाहणाऱ्या प्रौढाचे प्राण मौल्यवान आहेत, पण त्याच्यासाठी बाळाच्या खाटेजवळचे घड्याळ पुढे सरकवता येत नाही.

हे भय काल्पनिक नाही. 1987च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथे मेंदूची वाढ न झालेल्या नवजात बाळांना, त्यांचे अवयव टिकावेत म्हणून, व्हेंटिलेटरवर ठेवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. उद्देश उदात्त होता. हृदयासाठी तडफडणारी दुसरी बाळे समोर दिसत होती. पण ज्या उपचाराचा बाळाला स्वतःला काहीच उपयोग नाही तो दुसऱ्यासाठी त्याच्यावर करणे, आणि त्याने ठराविक मुदतीत मरावे अशी वाट पाहणे, यातली विसंगती लवकरच उघडी पडली. त्या मालिकेतून एकही अवयव प्रत्यारोपणाला मिळाला नाही आणि वर्षभराच्या आत कार्यक्रम थांबवावा लागला. पुढे 1992 साली फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका बाळाचे आईवडील स्वतः गेले: आमच्या लेकीला आत्ताच मृत माना, म्हणजे तिचे अवयव इतरांना देता येतील. न्यायालयाने नकार दिला. त्या आईवडिलांचे दुःख मला कळते, आणि तरी तो नकार बरोबर होता असे मी म्हणेन. मरणाऱ्या बाळाला कुणाच्या तरी उपयोगासाठी मृत म्हणायची एकदा सवय लागली की तिला काठ उरत नाही.

विश्वास दुसऱ्या बाजूनेही तुटतो. लिव्हरपूलच्या ‘आल्डर हे’ नावाच्या बालरुग्णालयात 1988 ते 1995 या काळात मृत मुलांचे अवयव आईवडिलांना न सांगता काढून साठवले गेले. 2001च्या चौकशी अहवालाने देश हादरला आणि 2004 साली तिथे नवा कायदा आला. त्या आईवडिलांतल्या काहींनी आपल्या मुलांचे दफन पुन्हा पुन्हा केले, कारण अवयव टप्प्याटप्प्याने परत मिळत होते. आपल्याकडेही लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. ‘लेकरू जसं दिलं तसं परत द्या’ असे आजी म्हणते, तेव्हा तिला अडाणी ठरवून बाजूला सारणारा समन्वयक या कामाला नालायक समजावा. कुठे छेद घेणार, शिवून कसे देणार, शवविच्छेदनाला किती वेळ जाणार, पोलिसांचा पंचनामा कधी होणार, हे सगळे तिला बसून सांगितले पाहिजे. मेंदूमृत बाळांमागे बहुधा पडणे, बुडणे, वाहनाची धडक असते, म्हणजे पोलीस आलेच. कधी संशय घरातल्याच माणसावर असतो. संमती देणाऱ्याच्या हातूनच इजा झाल्याची शंका असेल तर त्या संमतीवर अवयव घेऊ नयेत, तपासाचे धागे जपणे आधी, असे माझे मत आहे. आपल्या नियमांत हे स्पष्ट यायला हवे.

आणि दान कोणाचे, याबद्दल खरे बोलावे. बातम्यांत ‘चिमुकल्याने चौघांना जीवदान दिले’ असे छापून येते. चिमुकल्याने काहीच ठरवलेले नव्हते. प्रौढ दात्याच्या बाबतीत घरचे लोक त्याची इच्छा आठवू शकतात. 14 महिन्यांच्या मुलाला या बाबतीत इच्छा नसते. निर्णय आईवडिलांचा, त्याचे ओझेही त्यांचे. वर्षभराने एखाद्या रात्री आपण घाई केली का असा प्रश्न त्या आईला पडेल तेव्हा तिला कौतुकाच्या मथळ्याचा उपयोग होणार नाही. तपासण्या दोनदा झाल्या होत्या, त्या वेगळ्या डॉक्टरांनी केल्या होत्या, प्रत्यारोपणाच्या चमूतले कोणीही खोलीत नव्हते, नाही म्हणायला पूर्ण मोकळीक होती, हे तिला आठवता यायला हवे. त्यासाठी समन्वयकाने सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा फोन करावा, तिने विचारले ते सांगावे.

उरला तो मूत्रपिंड घेणारा. त्याला दाता लहान मूल होते हे सांगावे का, यावर डॉक्टरांत दुमत असते. ऐकून तो खचेल, अपराधी वाटून घेईल, अशी काळजी असते. दात्याचे नाव-गाव गुप्त राहावे हे मला मान्य आहे. पण वय आणि शस्त्रक्रियेचा प्रकार लपवणे म्हणजे त्याची संमती अपुरी ठेवणे. पहिल्या आठवड्यांत गुठळीचा धोका जास्त आहे, रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवून चालणार नाही, मूत्रपिंडे वाढायला वर्ष-दीड वर्ष लागेल, ही माहिती त्याला होकार देण्याआधी हवी. दाता कोणत्या वयाचा हे टाळून ती सांगताच येत नाही. शिवाय लपणारही नाही. पुढे कधी गावच्या सोनोग्राफी केंद्रात गेला की तिथला डॉक्टर पडद्याकडे पाहून विचारेल, तुमच्या ओटीपोटात एका बाजूला दोन मूत्रपिंडे कशी? त्या दिवशी परक्या माणसाकडून कळण्यापेक्षा, ज्यांनी ती बसवली त्यांनीच आधी, पुरेसा वेळ काढून आणि बायकोला किंवा भावाला सोबत बसवून सांगावे, आणि ऐकून तो नको म्हणाला तर त्याची रांगेतली जागा तशीच ठेवावी.